प्रिंटर एकच प्रत काढून थांबतो? बाकीच्या प्रती कुठे अडकल्या ते असं शोधा

दहा पानांचं टिपण, बारा प्रती आणि बैठकीला अर्धा तास. मी प्रतींच्या चौकटीत १२ टाकले, प्रिंट दिली आणि मशीनने एक संच काढून काम संपल्यासारखा दिवा हिरवा केला. पुन्हा दिली, पुन्हा एकच. शेवटी तीच प्रिंट बारा वेळा दिली. बैठक निभावली, पण ते का झालं हे कळेपर्यंत मला चैन पडली नाही. पुढचे काही दिवस वेळ मिळेल तसं मी एकेक सेटिंग तपासत गेले. ऑफिसात नव्याने रुजू झालेल्या आणि प्रिंटर गळ्यात पडलेल्या प्रत्येकाला ती धडपड पुन्हा करावी लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

त्या शोधात मला एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रती मोजण्याचं काम ठरलेल्या एकाच ठिकाणी होत नाही. तुम्ही टाकलेला आकडा तिघांच्या हातातून जातो: ज्यातून प्रिंट देता तो प्रोग्राम (वर्ड, एक्सेल, ब्राउझर), कॉम्प्युटरमधला प्रिंटर ड्रायव्हर (कॉम्प्युटरचं म्हणणं मशीनला समजेल असं करून देणारा प्रोग्राम) आणि खुद्द मशीन. तिघांपैकी कोणी तरी एकाने तो आकडा अमलात आणायचा असतो. प्रोग्रामला वाटतं ड्रायव्हर करेल, ड्रायव्हरला वाटतं मशीन करेल आणि मशीनला ते जमत नाही, की तुमच्या हाती एकच प्रत पडते. उलटंही होतं. दोघांनी आकडा अमलात आणला तर ३ मागितल्यावर ९ येतात. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. त्यामुळे 'बिघाड काय आहे' हे शोधण्याआधी 'मोजणी कोणाकडे आहे' हे शोधा.

आधी, घाई असेल तर

बैठक दारात असेल तेव्हा दुरुस्ती करत बसू नका. एक स्वच्छ संच काढा, तो मशीनच्या वरच्या फीडरमध्ये ठेवा आणि मशीनवरूनच हव्या तेवढ्या झेरॉक्स काढा. फीडर नसेल तर प्रिंटच्या खिडकीतली 'कोलेट'ची (पानं संचासंचाने, १-२-३, १-२-३ अशी काढण्याची) खूण काढून प्रिंट देऊन पाहा. पानं १-१-१, २-२-२ अशी येतील आणि संच हाताने लावावे लागतील, पण बऱ्याचदा सगळ्या प्रती येतात. तशा आल्या तर ते नीट लक्षात ठेवा, पायरी ४ मध्ये तोच मोठा पुरावा आहे.

हाताशी काय लागेल

- मशीनचं पूर्ण मॉडेल नाव. पुढच्या बाजूला लिहिलेलं अर्धवट असू शकतं, मागच्या किंवा दाराच्या आतल्या पट्टीवरचं घ्या.
- मशीनच्या मेनूतून काढलेला कॉन्फिगरेशन रिपोर्ट. त्यात बसवलेली मेमरी, हार्ड डिस्क आहे की नाही आणि आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक) मिळतो.
- दोन पानांची चाचणी फाइल. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'पान १', दुसऱ्यावर 'पान २'. चित्र नको, लोगो नको.
- कॉम्प्युटरवर ॲडमिनचे अधिकार, किंवा ते ज्यांच्याकडे आहेत अशा व्यक्तीची पंधरा मिनिटं.
- वही. काय बदललं आणि बदलण्याआधी काय होतं, दोन्ही लिहा. मी पहिल्या दिवशी लिहिलं नाही आणि संध्याकाळपर्यंत मूळ सेटिंग काय होती हेच सांगता येईना.

१. कॉम्प्युटर बाजूला ठेवा, मशीनला थेट विचारा

काचेवर एक कागद ठेवा, मशीनच्या पॅनेलवर ३ प्रती निवडा आणि झेरॉक्स काढा. या कामात कॉम्प्युटर, ड्रायव्हर, नेटवर्क काहीच येत नाही. तीन प्रती आल्या तर कागद उचलणं, छपाई आणि मशीनची स्वतःची मोजणी ठीक आहे. एक येऊन मशीन थांबलं किंवा कागदाबद्दल तक्रार करू लागलं, तर सेटिंग शोधत वेळ घालवू नका, सरळ पायरी ७ वर जा. फक्त प्रिंट करणारं मशीन असेल आणि झेरॉक्सची सोय नसेल, तर पायरी २ पासून सुरू करा.

२. एकच फाइल दोन प्रोग्राममधून द्या

चाचणी फाइल वर्डमधून ३ प्रती द्या. मग तीच पीडीएफ करून पीडीएफ वाचकातून ३ प्रती द्या. दोन्हीकडून एकच आली तर दोष ड्रायव्हर किंवा मशीनकडे आहे. एकाकडून तीन आणि दुसऱ्याकडून एक आली तर तो प्रोग्राम तपासायचा.

प्रोग्रामच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे प्रतींच्या दोन चौकटी. वर्डमध्ये कंट्रोल आणि पी दाबल्यावर वर 'कॉपीज' दिसतं. तिथूनच 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडलं तर अनेक ड्रायव्हरमध्ये आत आणखी एक 'कॉपीज' असतं. नियम असा ठेवा की आकडा फक्त प्रोग्रामच्या चौकटीत टाकायचा आणि ड्रायव्हरच्या चौकटीत कायम १ ठेवायचा. कोणी तरी कधी आत ३ टाकून ते जपलेलं असतं आणि पुढचे महिनाभर लोक नऊ-नऊ प्रती कचऱ्यात टाकत राहतात.

क्रोममधून प्रिंट देत असाल तर त्याची स्वतःची खिडकी उघडते. तिथे प्रती चुकत असतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून सिस्टिमची नेहमीची खिडकी उघडा आणि तिथून द्या. पीडीएफ वाचकात एखादीच फाइल अडत असेल तर ॲक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीतल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' लावून पाहा. वेळ जास्त लागतो, पण अवघड फाँट आणि चित्रांचा गुंता त्याने सुटतो.

एक्सेलचं प्रकरण वेगळं आहे. वर्कबुकमधल्या शीट्सची 'प्रिंट क्वालिटी' एकसारखी नसेल तर एक्सेल त्यांना वेगवेगळी कामं म्हणून पाठवू शकतं, आणि मग संच विस्कटतो. सगळ्या शीट्स एकत्र निवडून 'पेज सेटअप'मध्ये प्रिंट क्वालिटी एकच करा. त्यानंतर शीट्सची निवड मोडायला विसरू नका. नाही तर पुढे टाइप केलेली प्रत्येक गोष्ट सगळ्या शीट्सवर उमटेल.

३. बाकीच्या प्रती मशीनमध्येच थांबल्या नाहीत ना, ते पाहा

हे कारण खरं तर बिघाड नाहीच, म्हणून ते कोणाला सुचत नाही. ऑफिसच्या मोठ्या मशीनमध्ये अशी सोय असते की आधी एक प्रत काढायची, ती तुम्ही तपासायची, आणि पॅनेलवर होकार दिलात की बाकीच्या निघतात. एचपी आणि क्योसेराच्या ड्रायव्हरमध्ये तिला 'प्रूफ अँड होल्ड' म्हणतात, रिकोमध्ये 'सॅम्पल प्रिंट', झेरॉक्स कंपनीच्या मशीनमध्ये 'सॅम्पल सेट', कोनिका मिनोल्टामध्ये 'प्रूफ प्रिंट'.

ड्रायव्हरमध्ये ही निवड चुकून लागलेली असेल तर लक्षण हुबेहूब आपलंच दिसतं: मागितल्या बारा, आली एक, चूक कुठेच दाखवत नाही. मशीनच्या पॅनेलवर साठवलेल्या कामांची यादी उघडा. तुमच्या नावाखाली ११ प्रती वाट बघत असतील तर उत्तर सापडलं. त्या सोडा किंवा पुसा, मग ड्रायव्हरच्या 'जॉब स्टोरेज' किंवा 'जॉब टाइप' अशा नावाच्या भागात जाऊन साधी प्रिंट निवडा. पुसण्याआधी नाव बघा, तिथे सहकाऱ्याचं गोपनीय काम पिन लावून ठेवलेलं असू शकतं.

४. मेमरी, कोलेट आणि मोपियर

माझं घोडं इथेच अडलं होतं, म्हणून या पायरीवर थोडं थांबते.

कोलेट लावून दहा पानांच्या बारा प्रती काढायच्या, म्हणजे मशीनला दहाही पानं एकदम लक्षात ठेवावी लागतात. पहिला संच छापताना ती साठवायची आणि मग अकरा वेळा त्यातूनच काढायची. कोलेट काढलं तर एका वेळी एकच पान लक्षात ठेवून ते बारा वेळा छापलं की झालं. मेमरीची गरज त्यामुळे कितीतरी कमी होते. म्हणून कोलेट काढल्यावर सगळ्या प्रती आल्या असतील तर संशय इथेच घ्यायचा.

ही गरज किती असते ते आकड्यांत पाहा. ए४ कागद म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) त्यावर साधारण ४९६० × ७०१६, म्हणजे जवळजवळ ३.४८ कोटी ठिपके बसतात. काळ्या-पांढऱ्या पानात प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तर एका पानाला सुमारे ४.३५ एमबी लागतात. डीपीआय १२०० केला की हे चौपट, सुमारे १७.४ एमबी. दहा पानांचे १७४ एमबी झाले. रंगीत असेल तर चार रंगांमुळे पुन्हा चौपट. मशीन हे सगळं दाबून लहान करतं, त्यामुळे साध्या मजकुराला फारच कमी जागा पुरते. पण पानापानावर फोटो आणि रंगाच्या छटा असतील तर दाबून फारसं लहान होत नाही. माझ्या टिपणात प्रत्येक पानावर मोठा लोगो आणि मागे फिकं चित्र होतं, आणि डीपीआय १२०० वर होता.

दुसरा भाग ड्रायव्हरचा. एचपीच्या ड्रायव्हरमध्ये 'मोपियर' नावाची सेटिंग असते, हे नाव 'मल्टिपल ओरिजिनल प्रिंट्स' या शब्दांवरून आलं आहे. ती चालू असली की कॉम्प्युटर काम एकदाच पाठवतो आणि 'बारा काढ' असं मशीनला सांगतो. नेटवर्कवरचा भार वाचतो. मशीनमध्ये तेवढी मेमरी किंवा डिस्क असेल तर हीच उत्तम पद्धत. नसेल तर मशीन एक संच काढतं आणि विषय तिथेच संपतो. मोपियर बंद केला की कॉम्प्युटर प्रत्येक प्रतीसाठी पानं नव्याने पाठवतो. थोडं सावकाश होतं, पण प्रती येतात.

विंडोज ११ मध्ये असं जा:

- सेटिंग्ज → ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस → प्रिंटर्स अँड स्कॅनर्स → तुमचा प्रिंटर → प्रिंटर प्रॉपर्टीज.
- 'डिव्हाइस सेटिंग्ज' हा टॅब उघडा. तळाशी 'इन्स्टॉलेबल ऑप्शन्स' दिसेल.
- मेमरी आणि हार्ड डिस्कच्या नोंदी कॉन्फिगरेशन रिपोर्टशी जुळवा. डिस्क नसताना 'इन्स्टॉल्ड' लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर मशीनकडून नसलेल्या गोष्टीची अपेक्षा करतो आहे.
- 'ऑटोमॅटिक कॉन्फिगरेशन' असेल तर 'अपडेट नाऊ' निवडा, म्हणजे ड्रायव्हर मशीनलाच विचारून नोंदी भरतो.
- एवढं करूनही एकच प्रत येत असेल तर मोपियर मोड 'डिसेबल्ड' करा, अप्लाय करा आणि चाचणी फाइल पुन्हा द्या.

इथे नवख्यांची नेहमी गल्लत होते. 'प्रिंटर प्रॉपर्टीज' आणि 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. डिव्हाइस सेटिंग्ज फक्त पहिलीत असते. ती उघडते पण आतलं सगळं करड्या रंगात असेल, तर अधिकार नाहीत असं समजा आणि ॲडमिनला बोलवा. दुसऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये 'मोपियर' हा शब्द मिळणार नाही. तिथे कोलेटचं काम मशीनने करायचं की कॉम्प्युटरने, अशा अर्थाची निवड शोधा.

डीपीआय १२०० वरून ६०० करणंही करून पाहा. कार्यालयीन मजकुराला ६०० पुरेसा आहे. डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि मशीनचं ओझं एक चतुर्थांश होतं.

५. स्पूलर आणि 'ॲडव्हान्स्ड' टॅब

स्पूलर म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणारा विंडोजचा भाग. त्यात अर्धवट अडकलेलं जुनं काम पुढच्या कामांना अडवतं. ते साफ करायचं असेल तर क्रम पाळा:

- स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून उघडा, 'प्रिंट स्पूलर' शोधा आणि थांबवा.
- सी ड्राइव्हमध्ये विंडोज → सिस्टिम३२ → स्पूल → प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसा. फोल्डर पुसू नका.
- स्पूलर पुन्हा चालू करा.

यात त्या कॉम्प्युटरवरून सगळ्याच प्रिंटरकडे निघालेली कामं जातात. तो कॉम्प्युटर इतरांनाही प्रिंटर वाटून देत असेल तर आधी सगळ्यांना सांगा.

आता प्रिंटर प्रॉपर्टीजमधला 'ॲडव्हान्स्ड' टॅब. 'एनेबल ॲडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स' ही खूण काढली तर विंडोज पाठवण्याआधी काम स्वतःच्या मधल्या स्वरूपात साठवणं बंद करतं आणि पानांचा क्रम, पुस्तिका, एका कागदावर दोन पानं असे पर्याय गायब होऊ शकतात. कोणी तरी जुनी अडचण सोडवताना ही खूण काढून ठेवलेली असते. नेहमीच्या कामासाठी ती चालू हवी. चालू असूनही प्रती चुकत असतील तर चाचणीपुरती बंद करून पाहा, फरक पडला नाही तर परत लावा.

६. ड्रायव्हर आणि पोर्ट

'ॲडव्हान्स्ड' टॅबवरच ड्रायव्हरचं नाव दिसतं. त्यात 'क्लास ड्रायव्हर' असे शब्द असतील तर विंडोजने स्वतःहून सर्वसाधारण ड्रायव्हर लावला आहे. हे वाढत जाणार आहे, कारण २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटर कंपन्यांच्या वेगळ्या ड्रायव्हरांचा आधार टप्प्याटप्प्याने कमी करून आयपीपी (नेटवर्कवर प्रिंट पाठवण्याची सामायिक पद्धत) क्लास ड्रायव्हरकडे वळण्याचं धोरण जाहीर केलं. साध्या कामाला तो पुरतो, पण मशीनची खास सोय त्याला माहीत असेलच असं नाही. निर्मात्याच्या अधिकृत साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. पीसीएल ६ आणि पोस्टस्क्रिप्ट (मशीनला पान समजावण्याच्या दोन भाषा) असे दोन्ही मिळत असतील तर दोन वेगळे प्रिंटर म्हणून दोन्ही बसवा आणि चाचणी फाइल दोन्हींवर द्या. एकावर तीन प्रती आल्या की वाद मिटला.

'पोर्ट्स' टॅबवर कॉम्प्युटर मशीनपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो ते दिसतं. तिथे खूण 'डब्ल्यूएसडी' (विंडोज मशीन आपोआप शोधतं ती वाट) पोर्टवर असेल तर मशीनचा आयपी पत्ता देऊन 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' पोर्ट तयार करा. मी डब्ल्यूएसडीवर भरवसा ठेवत नाही. मात्र मशीनला कायमचा आयपी पत्ता आधी द्यायला लावा, नाही तर पत्ता बदलला की प्रिंट जाणंच बंद होईल.

मॅकवर प्रिंटच्या खिडकीतल्या 'प्रीसेट्स'मध्ये 'डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडून पाहा, जपलेल्या जुन्या प्रीसेटमध्ये प्रतींचा आकडा दडलेला असतो. 'रीसेट प्रिंटिंग सिस्टिम' अगदी शेवटी, कारण त्याने यादीतले सगळेच प्रिंटर जातात.

७. कागद

मशीनला तीन प्रती माहीत आहेत पण दुसरा कागदच उचलला जात नाही, असंही असतं. पॅनेलवरचा संदेश वाचा. ट्रेमध्ये ए४ आहे आणि फाइलमध्ये लेटर (२१६ × २७९ मिलिमीटर) निवडलं आहे, तर काही मशीन होकाराची वाट बघत थांबतात. 'मॅन्युअल फीड' निवडलेलं असेल तर प्रत्येक कागदासाठी थांबतात.

तसं काही नसेल आणि कागद अर्धवट ओढला जात असेल तर मशीन बंद करा, वायर काढा, थंड होऊ द्या आणि कागद उचलणारा रबरी रोलर पाण्याने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. रबर गुळगुळीत आणि चकचकीत झालं असेल तर पुसून थोडेच दिवस चालतं, रोलर बदलावा लागतो. आतल्या फ्यूजरला (उष्णतेने टोनर कागदावर पक्का करणाऱ्या भागाला) हात लावू नका, तो बंद केल्यावरही बराच वेळ गरम असतो.

८. प्रिंटर सर्व्हरवरून येत असेल तर

तुमच्या कॉम्प्युटरवर केलेला बदल दुसऱ्या दिवशी पुसला जात असेल, तर सेटिंग सर्व्हरवरून येते आहे. ती तिथेच, ॲडव्हान्स्ड टॅबवरच्या 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स'मध्ये बदलावी लागते. 'प्रेफरन्सेस' फक्त तुमच्या खात्यापुरत्या असतात, 'डीफॉल्ट्स' सगळ्यांसाठी. ऑफिसात प्रिंटवर मर्यादा ठेवणारी प्रणाली असेल तर तुमच्या खात्याची मर्यादा संपली आहे का, तेही विचारा. दुसऱ्याच्या लॉगिनवरून त्याच कॉम्प्युटरवर सगळ्या प्रती आल्या, तर बहुतेक हेच कारण.

९. तंत्रज्ञाला बोलवायचं झालं तर

'प्रिंटर नीट चालत नाही' एवढंच सांगितलं तर तो येऊन चाचणी पान काढेल. ते व्यवस्थित निघेल, कारण चाचणी पान एकच असतं. त्याऐवजी वहीतून हे वाचून दाखवा: पूर्ण मॉडेल, ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्ती, पोर्टचा प्रकार, मशीनवरून झेरॉक्स किती आल्या, कोलेट लावून किती आणि काढून किती, कोणत्या प्रोग्राममधून किती, मोपियर किंवा तशी सेटिंग आत्ता कशी आहे. चाचणी फाइल कॉम्प्युटरवर समोरच ठेवा आणि तो जाण्याआधी, त्याच्यासमोर, आपल्या खऱ्या कामाच्या फाइलच्या किमान पाच प्रती कोलेट लावून काढा.